एका टाक्याची परवानगी
आईची ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासानं मला सुरतेच्या संग्रहालयातल्या त्या गार दालनात नेलं. वडील सुरतेतल्याच पांडेसऱ्याच्या कापडमिलमधून चिंध्या आणत, त्यांतून आईनं शिवलेली गोधडी परदेशातल्या एका संग्रहालयासोबतच्या संयुक्त प्रदर्शनासाठी तिकडे जाऊन आली होती आणि आता इथे मांडली होती. प्रवासात तिच्या एका कोपऱ्याची शिवण उसवली होती. आईनं लगेच पिशवीतून सुई-दोरा काढला. "माजी, अडशो नहीं!" हात लावू नका, असं गुजरातीत म्हणत संग्रहालयाचे अधिकारी हात आडवा घालून उभे राहिले. "मन्हीच गोधडी शे ना, भाऊ! आशी उसवेल देखीसन लोके काय म्हनतीन?" आई लाजेनं लाल झाली होती. दुरुस्तीला दोन्ही संग्रहालयांची संमती लागते, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मी मेलवर मेल पाठवत राहिले; दोन्हीकडून उत्तर एकच, विषय विचाराधीन आहे. टाका घालायला बोलावणं आलं का, हे आई दर सणाला विचारायची, "काय वं, बलावनं उनं का?" ती गेली त्याला आता वर्ष होईल. काल दोघांची संमती आली. गोधडी शिवणाऱ्या बाईंनी स्वतः येऊन तो टाका घातला, तर दोन्ही संस्थांना आनंदच होईल, असं त्यांनी कळवलं आहे.