संत्र्याच्या बागेतला नाताळ

लोकांच्या लेकी दिवाळीला माहेरी जातात, मी नाताळाला जाते. मी पांढुर्ण्याला शिक्षिका आहे. माझं माहेर सौंसरचं, तिथे आमची संत्र्याची बाग आणि बागेतच घर. आम्ही हिंदू, पण दादानं लग्न केलं ते नागपूरच्या रीनाशी, ती ख्रिश्चन. तेव्हापासून घरात दोन्ही सण होतात. दिवाळीत काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून दिवाळीचे किस्से होत नाहीत. नाताळात वहिनी सोडून कोणालाच काही माहीत नसतं, त्यामुळे किस्से साचतच जातात.

*

पहिल्या वर्षी वहिनीला नाताळाचं झाड हवं होतं. दादा नागपूरहून प्लॅस्टिकचं आणणार होता. बाबा म्हणाले, बागेत एवढी झाडं असताना विकतचं कशाला? अंगणालगतचं एक संत्र्याचं झाड त्यांनी सुनेला देऊन टाकलं. त्यावर थोडी फळंही उरली होती. वहिनीनं त्यात लाइटच्या माळा सोडल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे शेतकरी चौकशीला आले. लाइट लावला तर फळाला लवकर रंग धरतो काय, असं त्यांनी हळूच विचारलं.

बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "धरते. पण त्याले सून ख्रिश्चन लागते."

*

आईला अंडं चालत नाही. म्हणून वहिनीनं बिनअंड्याचा केक करायचं ठरवलं. ओव्हन नव्हता, कुकरमध्येच भाजला. तो काही फुगला नाही. वहिनी रडकुंडीला आली. तेवढ्यात लोधीखेड्याची आत्या पोचली. ताटातला एक तुकडा तिनं खाल्ला, मग दुसरा मागितला.

"रोडगा मस्त भाजला वो सूनबाई," आत्या म्हणाली. "गोडही बरोबर आहे. वांग्याची भाजी कुठी ठेवली?"

आमच्याकडे गोवऱ्यांत भाजलेला कणकेचा रोडगा वांग्याच्या भाजीशीच खातात. आता केक चांगला फुगतो, पण त्याच्यासोबत वांग्याची भाजी आजही होते.

*

एका वर्षी वहिनीचे वडील पेटी घेऊन आले. व्याही गातात म्हटल्यावर बाबांची भजनी मंडळीही अंगणात येऊन बसली. व्याह्यांनी येशूचं मराठी भजन सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला आमच्या मंडळींचे टाळ आपोआप वाजायला लागले. भजन संपल्यावर मंडळीतले एक म्हातारे बुवा जरा विचारात पडले. म्हणाले, ही चाल तर आमची आहे.

"तुमचीच आहे," व्याही म्हणाले. "आमच्या आजोबांनी ख्रिश्चन होताना सोबत आणली."

मग बुवांनीच पुढच्या भजनाची फर्माईश केली.

*

मागच्या वर्षी मात्र घरात सणाचं वातावरण नव्हतं. बाबा लढाईच्या बातम्यांसमोर दिवसभर बसायचे. दोन देश लढून राहिले होते, त्यातला चूक कोण आणि बरोबर कोण हे बाबा आल्यागेल्याला समजावून सांगायचे. वहिनीचा धाकटा भाऊ सॅम्युअल मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. त्याचं जहाज त्याच लढाईच्या बाजूच्या समुद्रात होतं आणि बरेच दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

वहिनी म्हणाली, यंदा काही करायचं नाही. तिकडे लोकांची घरं जळत असताना इथे माळा लावायला तिचं मन धजेना. मलाही तिचं पटलं होतं.

आई उठली, बाबांच्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"जगात कोणाच्या न कोणाच्या घरी दुःख असतेच, रीना," ती म्हणाली. "आपण अंधार केला तं त्याहिले उजेड भेटते का?"

एवढं बोलून तिनं शंकरपाळ्यांच्या पिठाचा गोळा वहिनीपुढे ठेवला. वहिनी डोळे पुसत लाटत राहिली, आई कापत राहिली. संध्याकाळी दादानं कपाटातून माळा काढल्या आणि न सांगता लावून टाकल्या.

*

नाताळाच्या दुपारी आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात सॅम्युअलचा व्हिडिओ कॉल आला. तो म्हणाला, जहाज सुखरूप बंदराला लागलंय, नेटवर्क आत्ता मिळालं. मागे जहाजाचा भटारखाना दिसत होता आणि दोन गोरी पोरं बटाटे सोलत बसली होती. ती कोण, असं दादानं विचारलं. सॅम्युअलनं सांगितलं, ज्या दोन देशांची लढाई चालली आहे ना, त्या दोन्हीकडचा एकेक आहे. आज दोघं त्याच्या मदतीला आले होते.

बाबांनी फोन आपल्याकडे घेतला.

"यातला कोण कोणत्या देशाचा?"

"तुम्हीच ओळखा, काकाजी. तुम्ही तर रोज पाहता."

बाबांनी चष्मा पुसला, फोन जवळ धरला. आधी एकाचा चेहरा नीट पाहिला, मग दुसऱ्याचा. दोघांनीही त्यांना हात हलवला.

"सॅम्युअल," बाबा म्हणाले, "दोघायलेही पोटभर वाढ बा."