नाव बघून उचलणारी सुरय्या

एखाद्याचं मोठेपण मान्य करायला मला वेळ लागतो, हे आमच्या गट ऑफिसातला शिपाईसुद्धा सांगेल. पण सुरय्या चांदभाई शेख या मुलीपुढे मी एका दिवसात हात टेकले. ती तेव्हा चोवीस वर्षांची, साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. मी त्याच कारखान्याच्या कोपरगाव तालुक्यातल्या एका गट ऑफिसात ऊसनोंदीचा कारकून.

सत्त्याण्णवचा हंगाम चालू होता. कारखान्यात मोठा कॉम्प्युटर, आमच्याकडे धाकटा. मोठ्यावरची ऊसनोंद आमच्याकडेही असावी, तिकडे काही बदललं की टेलिफोनच्या तारेवरून इकडे आपोआप उतरावं, असं साहेबांनी ठरवलं. ही जोडणी करून देणारा प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीने पाठवला. मंगळवारी मी तो चालवला. निम्म्यात फोनची लाईन तुटली. 'एरर' म्हणून प्रोग्रामने स्वतःच काहीतरी आवरलं आणि गप्प बसला. मी पुन्हा चालवला, पुन्हा तेच. मग कारखान्याला कळवून मी चहा घेतला आणि घरी गेलो.

बुधवारी सकाळी केशरबाई आल्या. विजेच्या तारेची ठिणगी पडून सोमवारी त्यांचा दीड एकर ऊस जळाला होता. जळालेला ऊस दोन-चार दिवसांत आंबतो, म्हणून तोडणीत त्याला पहिला नंबर. जळिताची आणि फेरमोजणीची नोंद फक्त आमच्या धाकट्या कॉम्प्युटरवर असे, आणि दर बुधवारी आणि शनिवारी चार वाजता त्यावरून तोडणीच्या टोळ्यांची यादी निघे. मी बाईंचं नाव शोधलं. नव्हतं. इथं नाही म्हणजे तुम्ही अर्ज दिलाच नाही, असं मी सांगून टाकलं.

"म्या सोमवारीच दिलाय," बाई म्हणाल्या. "तुमच्याच हातात."

एररचं काय ते बघायला सुरय्या तेवढ्यात एसटीने येऊन पोचली होती. मी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला, तिने बाईंवर. भिंतीवरच्या तारेला टोचलेले अर्ज ती एकेक करून बघत गेली आणि त्यातला एक काढून माझ्यापुढे ठेवला. केशरबाईंचा अर्ज, खाली सही माझी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने काय घडलं ते शोधून काढलं. आवरताना प्रोग्रामने आपलं अर्धवट काम पुसलं होतंच, पण जळीत-फेरमोजणीची आमची आधीपासूनची दोनशे नोंदींची कॉम्प्युटरवरची वहीसुद्धा पुसली होती. उलट मोठ्या कॉम्प्युटरवर 'गटासाठी प्रत्येक बदल साठवून ठेव' ही आपली खूण मात्र तशीच सोडली होती. घेणारं कुणी नाही, आणि साठा वाढत चाललेला. पुसायचं ते ठेवलं आणि ठेवायचं ते पुसलं, असला कारभार.

पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, ताबडतोब परत चालवा, नाहीतर जागा भरून मोठा कॉम्प्युटर थांबेल. साहेबांनीही तोच हुकूम दिला. सुरय्या म्हणाली, लाईन पुन्हा तुटली तर नव्याने भरलेल्या नोंदीही पुसल्या जातील आणि आज केशरबाईंची टोळी गेलीच समजा. तिने साडेतीनपर्यंत वेळ मागून घेतला. साहेब चिडले, पण ती तसूभर हलली नाही. मी अर्ज बघून दोनशे नोंदी पुन्हा टाईप करायला घेतल्या आणि त्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या दुसऱ्या पडद्यावर ती प्रोग्राम उघडून बसली.

तिचे वडील चांदभाई कोपरगावच्या बाजारात भांड्यांवर नावं घालतात. लग्नघरी पन्नास घरांची पातेली येतात, परत नेताना नाव बघूनच उचलायची. तिने प्रोग्रामला तेवढंच शिकवलं. नवं जे मांडशील ते लिहून ठेव. अडलं तर लिहिलेलं उलट्या क्रमाने वाचत फक्त आपलं उचल, इथलंही आणि कारखान्यातलंही. आधीपासून जे आहे त्याला हात लावू नको. एक खोटी वही करून तिने स्वतःच्या हाताने अकरा वेळा फोनची तार उपटली, दर वेळी वेगळ्या टप्प्यावर. पुण्याच्या शहाण्यांनी एकदा तरी उपटून बघितली असती, तर ही वेळ आली नसती.

साडेतीनला खरी जोडणी सुरू झाली. केशरबाई सकाळपासून बाकावर बसून होत्या. पावणेचारला लाईन तुटली. 'एरर.' वही उघडायचं मला धाडस होईना. बाई उठून कॉम्प्युटरपाशी आल्या.

"म्या हाय का?" त्यांनी विचारलं.

सुरय्याने वही उघडली, खाली गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आहात, मावशी."

अक्षरं इंग्रजी, बाईंना वाचता येणारी नव्हती. तरी त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. कारखान्यातून फोन आला, लाईन परत जुळताच तिकडची खूणही निघाली होती आणि जागा मोकळी झाली होती. चारला यादी निघाली, पहिलं नाव केशरबाईंचं. जोडणी दुसऱ्या दिवशी लाईन शाबूत असताना बिनबोभाट झाली. सुरय्याने त्याचा गवगवा केला नाही, मीच अजून करतोय.

यादी हातात घेऊन निघताना बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"भिमाजीदादा, आता माजा अर्ज खरा न्हवं?"

मी उभा राहिलो. "सकाळीही खराच होता, केशरबाई," मी म्हणालो.