पाचला दहा कमी

चष्मा कपाळावर, शोधाशोध टेबलाखाली. चहा बशीतून, तोही गार करून. बिस्किटाचा शेवटचा तुकडा माझ्यासाठी. आणि रोज सकाळी, गहाण पडलेल्या प्रत्येक घड्याळाला किल्ली.

"ज्याचं त्याला चालतं परत द्यावं," ते म्हणायचे. "बंद पडलेलं हातात ठेवलं तर वाटेल, प्रेत न्यायला आलोय."

म्हणून ते किल्लीकाका. गहाणाच्या दुकानात एकतीस वर्षं कारकून. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे चिकटलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पंडित, तुमच्या पोथ्यांत मुक्ती म्हणजे काय?"

"सगळं सोडून जायचं. परत यायचं नाही."

"मग आमची बरी. इथून सुटलेलं आपल्या घरी जातं."

पुढे एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मशीनची मुदत संपत होती. भिंतीवर पाटी होती: 'मुदत दुकानातल्या घड्याळाप्रमाणे पाचपर्यंत.' त्यानंतर वस्तू दुकानाची. बाईंचं घर त्या मशीनवर चालायचं. मालकांनी मात्र गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं.

पाचला दहा कमी असताना काकांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि उघडलं. काटे थांबले.

"आत्ताच?" मालक म्हणाले.

"कुरकुरतंय म्हणून एकतीस वर्षं तुम्हीच ओरडताय. आज सवड झाली."

बाई साडेपाचला आल्या, धापा टाकत, रुमालात पैसे बांधून. "गेली ना मशीन?"

काकांनी घड्याळाचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. "दहा मिनिटं आधीच आलात, ताई."

मालकांनी घड्याळ पाहिलं. पाटी पाहिली. काकांकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांना हसू आवरेना. "पाटी माझ्याच अक्षरातली आहे. फाडा पावती."

बाईंनी तिथेच चाक फिरवून पाहिलं. सुई सरसर खालीवर झाली. "देताना तर अडकत होती."

काका चष्मा शोधू लागले. तो कपाळावरच होता.

मशीन हातगाडीवर चढवताना एक बाजू मालकांनी धरली. मी नुसता बघत उभा होतो.

पुढच्या आठवड्यात काका निवृत्त झाले. लेकीकडे गेले, नातीला खेळवायला. जाताना म्हणाले, "घड्याळ येऊन जोडतो."

परवा मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"राहू दे," मालक म्हणाले. "ते काम त्यांचं आहे."

घड्याळ अजून टेबलावर उघडंच आहे, पाचला दहा कमीवर. शेजारी काकांची बशी, बशीत चार स्क्रू.