काकूंचं विरजण

दहिसरच्या आमच्या चाळीत पाणी सकाळी सहाला येतं आणि अर्ध्या तासात जातं. नेमकं त्याच वेळी मला रोज ओळीने पंधरा-वीस शिंका यायच्या. धुळीची ॲलर्जी. जाम वैताग.

डॉक्टर म्हणाले, "गोळी चालू ठेव, जोडीला प्रोबायोटिक म्हणून घरचं दही खाऊन बघ. पोटातले चांगले जंतू वाढले की काहींची ॲलर्जी जरा शांत होते. गॅरंटी नाही."

माझ्याकडे विरजण नव्हतं. शेजारच्या मालवणी काकूंकडे वाटी घेऊन गेलो. त्यांनी विरजण दिलं, वर दूध किती कोमट हवं यावर भाषणही ऐकवलं.

दोन महिन्यांत शिंका तीन-चारवर आल्या. दह्याने की हवा बदलल्याने, देव जाणे. आपण खूश.

एका सकाळी साडेसातला दार वाजलं. काकू रिकामी कळशी घेऊन उभ्या. "मेल्या, इतकी वर्सां तुझ्या शिंका ऐकून उठतंय मी. आता माका उठवतलो कोण?"

मी गुपचूप माझ्या पिंपातून कळशी भरून दिली.

आता रोज सहाच्या ठोक्याला मी त्यांच्या दारासमोर उभा राहतो आणि मोठ्याने खोटं खोटं शिंकतो.