ओला पिवळा झोपाळा

काल सरोजिनी नगरमध्ये एका नव्या फाटकाला रंग देत होते. ऑइल पेंटचा तो वास नाकात शिरला आणि मी थेट लक्ष्मीबाई नगरच्या बागेत, त्या जुन्या सकाळी जाऊन पोचले.

आमच्या सेवा क्लबने बागेतला मोडका झोपाळा दुरुस्त करायला घेतला होता. क्लबात सगळे सरकारी नोकरीतले, त्यामुळे नुसत्या रंगावरच मीटिंगमागून मीटिंग झाल्या. पिवळा मंजूर होईपर्यंत उद्घाटनाची बुद्धपौर्णिमा उजाडली! सकाळी सकाळी आम्ही धावतपळत ब्रश मारले.

"यार, हा वाळणार कधी?" मी रडकुंडीला आले होते. समोर कॉलनीतली मुलं उड्या मारत होती आणि त्यांना परत पाठवायचं आमच्यात ठरत होतं.

तेवढ्यात आमच्या अध्यक्ष मेश्रामकाकू पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या. मीटिंगला वाजवायच्या तशी त्यांनी पितळी घंटा वाजवली.

"चलो, पहिला झोका अध्यक्षांचा!" म्हणत त्या बसल्यासुद्धा.

"काकू, रंग ओला आहे!" आम्ही ओरडलो.

"अच्छा?" म्हणाल्या, आणि जमिनीला पाय मारून आणखी उंच गेल्या. मग मुलांना कोण थांबवणार?

काकूंच्या साडीवर मागे पिवळे पट्टे उठले होते. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र पुढच्या बुद्धपौर्णिमेला तीच साडी हौसेने नेसली.

कालच्या फाटकावर पाटी होती, 'गीला पेंट, छूना मना है'. मी ती नीट वाचली, आणि अख्खा तळहात टेकवला.