खळ्याकाठी नसलेलं झाड

माझ्या गोष्टींवर आमच्या घरात फार जुनी सेन्सॉरशिप आहे. बायको म्हणते, "आमच्या लग्नात घोडा एकच होता. यांच्या तोंडी त्याचे तीन झालेत. अजून दहा वर्षं जगले तर हत्ती येईल." मुलगी जास्त बोलत नाही. "बाबा, फॅक्ट चेक," म्हणते आणि फोन काढते. मी हसून सोडून देतो, कारण इथे अमेरिकेत, कॅरीत, कुठल्याही मराठी पॉटलकला जेवणं झाली की खुर्च्या माझ्याचभोवती ओढल्या जातात.

म्हणून शेजारचे काका, "माझ्या गावाची हकिगत लिहून दे," म्हणाले तेव्हा मला जबाबदारी वाटली नाही, कौतुक वाटलं.

काका पॅलेस्टिनी, वय ब्याऐंशी. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं आम्हाला जमत नाही, म्हणून ते आमचे काका. त्यांचं गाव डोंगरउतारावर होतं, चाळीसेक घरांचं. अठ्ठेचाळीसच्या लढाईच्या दिवसांत एका सकाळी सगळं गाव उठून निघालं, ते परत गेलंच नाही. परत जाऊ दिलं नाही. पुढे घरं पाडली गेली, वर पाइनची झाडं लावली गेली. आता तिथे एक झरा आहे आणि फड्या निवडुंगाची कुंपणं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. आधीच एकदा नको ते लिहून बसलोय.

गाव सुटलं तेव्हा काका पाच वर्षांचे होते, आणि दुखणं तेच होतं. त्यांची थोरली बहीण तेव्हा अकरा वर्षांची. गाव डोळ्यांनी पाहिलेली ही दोनच माणसं आता उरलीत, आणि बहीण आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलेली, "याला काय आठवतंय? पोर होतं ते. आईचं ऐकून ऐकून सांगतो."

ही बहीण म्हणजे आमच्या आत्या. त्या मुलीकडे टेक्ससमध्ये, प्लेनोला राहतात. वसंतात त्या आठवडाभर येणार होत्या. काकांना एवढंच हवं होतं की सगळं कागदावर उतरावं, तिला वाचून दाखवावं, आणि तिने एकदा म्हणावं, हो, हे आपलं गाव.

"पुन्हा ती विमानात बसेल असं वाटत नाही," ते म्हणाले.

हिवाळाभर दर शनिवारी मी फोनवर रेकॉर्डिंग केलं. काका इंग्रजीत सुरुवात करत आणि रंगात आले की अरबीत शिरत. मी मान डोलवत राही. घरी येऊन समजलं तेवढं नीटनेटकं लिहून काढी. एका जागी अडलो. संध्याकाळी गावातले लोक खळ्याच्या कडेला जमत, असं काकांनी सांगितलं होतं; पुढचं सगळं अरबी. मला वाटलं, नुसत्या उघड्या खळ्यावर माणसं कशी बसतील? गाव म्हटलं की पार हवा. मग साताऱ्याकडच्या माझ्या आजोळचा पार मी दगडांसकट उचलला आणि तिथे नेऊन ठेवला. जुनं, मोठं झाड, भोवती ओटा, ओट्यावर कॉफी पिणारे म्हातारे. दोन परिच्छेद. अख्ख्या हकिगतीत तेच सगळ्यात छान उतरले होते.

काकांच्या नातीने, इथेच जन्मलेल्या कॉलेजातल्या मुलीने, तो मसुदा त्यांना अरबी करून ऐकवला. झाडाशी आल्यावर काका म्हणाले, "पुन्हा वाच." मी आठवडाभर फुगून होतो.

रविवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात दहा-बारा नातेवाईक जमले. आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसल्या होत्या. मी इंग्रजीत वाचायचं, नातीने प्रत शेजारी धरून अरबीत सांगायचं, असं ठरलं होतं. झरा झाला. निवडुंग आला तेव्हा आत्या म्हणाल्या, "त्याची फळं पहाटे काढायची. ऊन झालं की काटे उडतात." काकांचा मघापासून हलणारा गुडघा थांबला.

चौथं पान उलटलं आणि मला खाली झाड दिसलं.

तोवर खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की हे ऐकणाऱ्या माणसाने ते गाव पाहिलेलं आहे. गाळावं, तर नातीच्या हातात प्रत. वाचलं. तिने अरबीत सांगितलं. आत्यांनी काठीवरची दोन बोटं उचलली.

"कुठलं झाड?"

नातीने ती ओळ पुन्हा सांगितली.

"खळ्याजवळ झाड? धान्य उफणायला वारा लागतो. वारा अडवणारं झाड तिथे कोण ठेवेल?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात काका म्हणाले, "होतं. मी त्याच्याखाली बसायचो."

ते खोटं बोलत नव्हते. माझं झाड त्यांच्या डोक्यात रुजलं होतं.

आत्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बघा," त्या हळूच म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?"

"ते झाड माझं आहे," मी म्हणालो. "काकांनी सांगितलेलं नाही. माझ्या आजोळी आहे, ते मी घातलं."

काका माझ्याकडे बघत राहिले. "तू घातलंस? पण मला त्याची सावली आठवतेय."

मागे बसलेली बायको अशा वेळी एरवी काहीतरी म्हणतेच. तिने नुसती मान खाली घातली.

"रेकॉर्डिंग आहे," मी म्हणालो आणि फोन काढला. फायलींची नावं मी 'काका १', 'काका २', 'काका २ खरी' अशी ठेवली होती. आधी फोनमधून खोकला ऐकू आला, मग माझाच आवाज, "हो हो, व्हेरी नाइस." मग काकांचं अरबी सुरू झालं. मिनिटभर, दीड मिनिट. मला एक शब्द कळत नव्हता, म्हणून मी आत्यांचा चेहरा बघत होतो. त्यांची मान एका बाजूला झुकली. शेवटी फोनमधले काका इंग्रजीत म्हणाले, "असं गोल गोल. कळलं ना?" आणि मी म्हणालो, "व्हेरी नाइस."

नातीने मला सावकाश सांगितलं. मळणीला एक जड फळी असे, खालून धारदार दगड ठोकलेली. ती खेचर ओढायचं आणि वजन म्हणून वर पोरं बसवायचे. "मी पुढे, ताई मागे. तिचे दोन्ही हात लगामावर, म्हणून मी पडू नये यासाठी ती माझा सदरा दातांत धरायची. निघालो त्या सकाळीही आम्ही फळीवरच होतो. अर्धा गहू मळायचा राहिला."

आत्यांनी तोंडावर हात धरला होता.

"दातांचं आईला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "कळलं असतं तर मला मारलं असतं."

काका हलले नाहीत. आत्यांनी हात लांब करून त्यांच्या सदऱ्याची मागची कॉलर चिमटीत धरली आणि तशीच धरून ठेवली.

"पण खेचर नव्हतं," त्या म्हणाल्या. "गाढव होतं. चुलत्याचं."

"खेचर."

"गाढव, पोरा! मी हाकत होते."

मी माझे दोन परिच्छेद खोडले. नातीने तिथे फळी लिहिली. खेचराशेजारी 'आत्याच्या मते गाढव' असंही लिहिलं.

काका माझ्याशी दोन शनिवार बोलले नाहीत. तिसऱ्या शनिवारी गवत कापताना कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "तुझ्या गावातलं ते झाड. अजून आहे?"

"आहे," अगदी तोंडाशी आलं होतं. वर चार पारंब्याही तयार होत्या.

"माहीत नाही, काका," मी म्हणालो. "मामेभावाला विचारून सांगतो."