नाळेवर बसणारी बयाबाई

जत तालुक्यातल्या माणसाला समुद्राचं वेड लागावं हे कुणाला सांगून पटत नाही. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून बाया घागरी घेऊन पळत सुटतात, त्या गावचा अर्जुना बंडगर नौदलात खलाशी झाला. बाप मेंढरामागं, चुलते मेंढरामागं, भावकीतली शिकलेली पोरं मिलिटरीत, आणि हा एकटा पाण्यावर. भरतीच्या दिवशी चुकून भलत्याच रांगेत उभा राहिला, असं गावात अजून सांगतात. खरं काय ते त्यानं कधी सांगितलं नाही. नोकरी संपवून तो सांगलीला आला, एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला, मुलाला शिकवलं, विश्रामबागेत फ्लॅट घेतला. इथपर्यंत सगळं चारचौघांसारखं झालं. मग साठी उलटली आणि या गड्यानं आचऱ्याच्या खाडीत एक जुनी लाकडी होडी घेतली, तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलं, इंजिन बसवलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "बये, पिशवी भर."

बयाबाईला पोहायला येत नव्हतं. येणार कुठून? तिच्या माहेरच्या विहिरीत पाणी बघायचं तर वाकून बघावं लागे.

"जिथं प्यायला पाणी न्हाई तिथनं आले म्या," ती म्हणाली, "आन् आता म्हातारपणी पाण्यात घालताय व्हय?"

पण पिशवी भरली तिनं. त्याचं कारण विश्वजितला, म्हणजे त्यांच्या मुलाला, कधी कळलं नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं अर्जुना बोटीवर आणि ती सासूबरोबर मेंढरांच्या वाड्यावर. रजा मिळाली की तो यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा आणि जायचा. पुढं सांगलीत आला तर रात्रपाळी. एका छपराखाली सलग महिनाभर नवरा बघायला मिळाला तो या होडीवरच. होडीतून माणूस कुठं उठून जात नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

होडीचं नाव त्यानं 'बिरोबा' ठेवलं. आचऱ्याचे कोळी पोट धरून हसले. मेंढरांचा देव समुद्रात काय करणार? बयाबाई मात्र दर रविवारी होडीच्या पुढच्या टोकावर, ज्याला तिथं नाळ म्हणतात, चिमूटभर भंडारा टाकायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि निघायचं, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. किनाऱ्याकिनाऱ्यानं वर, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली. एका खाडीत चार दिवस, दुसऱ्या खाडीत आठ. स्टोव्हवर भाकरी, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. मासळीच्या वासानं आधी नाक मुरडणारी बाई पुढं कोळणींशी बांगड्याचा भाव करू लागली. पावसाळ्यात विश्रामबागेत परत. शेजाऱ्यांना वाटायचं ही दोघं मुलीकडं जातात. मुलगी नव्हतीच त्यांना.

या होडीवर एक अडचण होती. इंजिनाचा आवाज असा, की सुकाणूवर बसलेल्या अर्जुनाला स्वतःचं खोकणं ऐकू यायचं नाही. आणि कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, दर पावसाळ्यात जागा बदलणारे. पुढं नाळेवर बसून पाणी बघणारं कुणीतरी लागतंच. छपरामुळं मागच्याला समोरचं पाणी नीट दिसत नाही. ओरडून उपयोग नाही. पहिल्याच दिवशी अर्जुना घसा फोडून ओरडला आणि बयाबाईनं मागं न बघता नुसता हात वर केला.

मेंढरं चालवताना कळपाच्या पुढं एक माणूस असतो आणि मागं एक. मध्ये शेकडो मेंढरांची बें बें आणि माळावरचा वारा. पुढच्यानं पुढची वाट बघायची आणि हातानं सांगायचं. उजवा हात बाजूला काढला की उजवीकडं, डावा काढला की डावीकडं. मूठ वर केली की थांब. पंजा आपल्याकडं ओढला की वाट मोकळी, ये. मागच्यानं विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. पुढच्यानं बघितलंय ना, मग झालं. बयाबाई पोरवयापासून हे करत आलेली. त्या दिवसापासून ती नाळेवर घोंगड्याची घडी टाकून बसायची आणि तो मागं सुकाणू धरून. कोळी आधी हसायचे, मग हसायचे बंद झाले, कारण 'बिरोबा' कधी रुतली नाही.

"भ्या वाटतं का गं?" एकदा त्यानं विचारलं होतं.

"भ्या कशाचं? तुमी हाय न्हवं मागं."

हे वाक्य त्यानं सांगलीत कितीजणांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. बोलायला त्यांच्याकडं दुसरं फार नसायचं. दिवसभर तिची पाठ त्याच्यासमोर असायची: लुगड्याचा पदर, अंबाडा, मानेवरचं गोंदण. पाठीवरनं त्याला सगळं कळायचं, असा त्याचा समज होता.

गेल्या मे महिन्यात, हंगाम संपवून ते आचऱ्याला परतत होते. खाडीच्या तोंडाशी तिचा डावा हात हलला. कोपर बाहेर आलेलं त्याला दिसलं. त्यानं सुकाणू डावीकडं घातलं आणि होडी खरकन वाळूवर चढली.

अर्जुनाचं डोकं फिरलं. खालची फळी गेली असती तर? इंजिन बंद करून तो ओरडला, "डोळं हायती का खाचा? समोर वाळू दिसंना व्हय तुला?" इतक्या वर्षांत तिच्यावर तो पहिल्यांदा असा ओरडला. तिनं मागं वळून बघितलं नाही. रागावली असेल, रागावू दे, म्हणून तोही पाठ फिरवून बसला. भरती येईपर्यंत करायचं काही नव्हतं. ऊन चढलं, पाणी हळूहळू वाढलं, दोघं होडीच्या दोन टोकांना बसून राहिली. शेवटी त्याला चहाची तलफ आली आणि मनातल्या मनात माघार घेऊन त्यानं हाक मारली. ती हलली नाही. तेव्हा तो पुढं गेला.

तिचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. वाट उजवीकडूनच होती. उजवा हात उचलेना म्हणून तिनं डाव्या हातानं, अंगावरून आडवा धरून, उजवीकडं दाखवलं होतं. तो हात तिच्याच अंगाआड गेला. मागून दिसलं फक्त डावं कोपर.

डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणलं असतं तर. अर्जुनानं विश्वजितला सांगितलं की होडी वाळूत रुतली होती, म्हणून वेळ झाला. ते खरंच होतं.

जूनपासून बयाबाई विश्रामबागेत. वाचा गेली, उजवी बाजू गेली. कळतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात चांगला चालतो, फक्त खांद्याच्या वर जात नाही. सकाळी विश्वजित ऑफिसला जातो, सून राणी कॉलेजच्या कार्यालयात. राणी पोर मायाळू. सासूला न्हाऊमाखू घालून, गॅलरीत खुर्चीवर बसवून जाते. मग दिवसभर घरात ही दोघं. खालून रिक्षा जातात, पोरांचे घोळके जातात, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देतो. आजूबाजूला सगळी माणसं असून अर्जुनाला एवढं एकटं बोटीवरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. तिनं एकदा, फक्त एकदा, त्याला खूण करावी. शिवीची असली तरी चालेल. राणीला ती हातानं पाणी मागायची, विश्वजितच्या गालावर तोच हात ठेवायची, कठड्यावरच्या कावळ्याला हाकलायची. अर्जुनाला मात्र काही नाही. बरोबरच आहे, तो म्हणायचा. डोळं हायती का खाचा, असं आपणच विचारलं. आता कशाला बोलेल ती आपल्याशी?

तो तिच्या खुर्चीमागं स्टूल टाकून बसायचा. समोर बसलं की ते वाकडं तोंड बघावं लागे, आणि ते त्याच्यानं बघवत नव्हतं. मागून अंबाडा तसाच होता, मानेवरचं गोंदण तेच. मागून बघितलं तर काही झालंच नव्हतं.

श्रावण लागला आणि आचऱ्याहून नाथाजीचा फोन आला. पावसाळ्यात त्यांच्या होडीवर तिथं तोच लक्ष ठेवायचा. लाकूड कोरडं पडलं की फळ्यांच्या सांधी उघडतात. होडी यंदा पाण्यात घाला, नाहीतर कुणालातरी द्या, असं तो म्हणाला. अर्जुना स्टुलावर बसल्या बसल्या तिच्या पाठीला म्हणाला, "बये, नाथाजी इचारतोय. होडी ठिवायची का दिऊन टाकायची? तू सांग." पाठ हलली नाही. तो बराच वेळ थांबला. "हातानं तरी सांग की गं," म्हणाला. मग उठून त्यानं पिशवी भरली.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी नाथाजीनं होडी पाण्यात ढकलून दिली. "एकट्यान जाव नकात काका, दांडो सरकलो हा," तो म्हणाला. मी येतो म्हणाला. अर्जुना नको म्हणाला. बयाबाईच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं त्याला चाललं नसतं.

इंजिन तेच, आवाज तोच. खाडीच्या तोंडाशी पाणी पांढरं फुटत होतं. डावीकडं फुटत होतं, उजवीकडंही फुटत होतं. अर्जुनानं सवयीनं नाळेकडं बघितलं. तिथं घोंगड्याची घडी होती, मे महिन्यात राहिलेली, छपराखाली जपून ठेवून नाथाजीनं आज जागेवर आणून टाकलेली. अर्जुना त्या घडीकडं बघत खुणेची वाट बघत बसला. आपण काय करतोय हे कळायला त्याला वेळ लागला. नौदलात उभी हयात काढलेला माणूस, पण ही वाट त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही बघितली नव्हती. त्याला रडू आलं. भर इंजिनाच्या आवाजात तो मोठ्यानं रडला, ऐकायला कुणी नव्हतं. मग नारळ त्यानं तिथंच, खाडीच्या आतल्या पाण्यात सोडला, भंडारा टाकला आणि होडी वळवली.

"ठिव तुलाच," नाथाजीच्या हातात दोर देऊन तो म्हणाला. घोंगडं तेवढं काखेत घेतलं आणि एसटीनं कोल्हापूर गाठून सांगलीला परत आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. राणी घरी होती. तिनं सासूला गॅलरीत आणलं, तेव्हा अर्जुनानं खुर्चीवर आधी घोंगडं टाकलं. घोंगड्याला डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येत होता. बयाबाई बसली. डाव्या हातानं तिनं घोंगड्याचा काठ चाचपला, बराच वेळ चाचपला. अर्जुना नेहमीप्रमाणे मागं स्टुलावर जाऊन बसला.

"दिली होडी नाथाजीला," तो तिच्या पाठीला म्हणाला. "तुझ्याबिगर न्हाई जमलं."

राणी समोर कठड्याशी कपडे वाळत घालत होती. हातातला पिळा तसाच धरून ती थांबली.

"आबा, आई हे हातानं काय करतात हो?"

"काय करती?"

"असं." राणीनं पोटाशी पंजा धरला आणि आपल्याकडं ओढला. परत ओढला. "मांडीवरच करत असतात. मला वाटायचं डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतात. पण तुम्ही मागं येऊन बसलात की सुरू करतात. काल तुम्ही नव्हता म्हणून मी घरी राहिले, तर दिवसभर हात गप्प होता."

खुर्चीची पाठ धरून अर्जुना उठला. जूनपासून. जूनपासून ती मांडीवर, तिच्याच अंगाआड, ये म्हणत होती, आणि तो मागं बसून वाट बघत होता.

तो खुर्चीला वळसा घालून पुढं आला आणि तिच्या समोर, फरशीवर, रस्त्याकडं पाठ करून बसला. तोंड वाकडं होतं. डोळे त्याच्यावर होते, भरलेले. हात अजून चालू होता: वाट मोकळी, ये, ये.

"आलो, बये," तो म्हणाला.

हात थांबला. मग तिनं तो होईल तेवढा, खांद्यापर्यंत, वर उचलला आणि मूठ मिटली.

"थांबलो," अर्जुना म्हणाला. "आता कुठं जात न्हाई."